हातमोज्यांचा कारागीर

गुडघ्यांखाली लोड, उशाशी टॉवेलची घडी.
माएल तळवे चोळून ऊब आणते,
माझ्या पोटावर ठेवते आणि थांबते.
काहीच करत नाही, असं वाटतं मला.

चाळीस वर्षं मी ग्रनोबलला हातमोजे कापले.
कोकराचं कातडं ओलसर करून
टेबलाच्या कडेवर ओढायचं,
येईल तितकंच;
हिसका दिला की बोटं आखूड पडतात.
हे हिला कुणी शिकवलं?

"यकृत श्वासाबरोबर खाली सरकतं," ती म्हणते,
"तुमचं निम्म्यात अडतं. इथे जुना व्रण आहे."
आहे. अपेंडिक्स, संपाच्या वर्षीचं.
फाटकावर रेमाँ उभा होता, फलक धरून,
माझा सख्खा भाऊ,
आणि मी मागच्या दाराने आत गेलो होतो.
टाके काढले तेव्हा तो आला नाही. नंतरही नाही.
ओदीलला वाटायचं, मी सगळं पोटात घालतो.
घालत नव्हतो. ठेवत होतो.

हे मी माएलला सांगत नाही.
तिची बोटं करंगळीएवढी जागा धरून आहेत,
खिडकीबाहेर ट्राम वळते,
आणि आत काहीतरी
ओल्या कातड्यासारखं सावकाश येतं.
पोट गुरगुरतं, चांगलं मोठ्याने. मी ओशाळतो.
"गुरगुरू द्या," ती म्हणते.

तीन आठवड्यांनी परत जायचंय.
इझेरच्या पुलावर बोचरा वारा.
खिशातून मोजे काढले, डावा आधी.
भूक लागली होती,
कांद्याच्या सूपची,
आणि दोन वाडगे डोळ्यांपुढे आले.