सातवी खुर्ची

नव्या अंकाचं मुखपृष्ठ शकीलनं
ट्यूबा टांगायच्या खिळ्याला अडकवलं
आणि सांगलीत, गणपती पेठेमागच्या बोळात,
'छाया पथका'ची निवड समिती बसली:
मी, भरमू चौगुले, सुनेत्रा मगदूम,
आणि पंक्चरच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात बुडवलेला शकील अत्तार,
जो अध्यक्ष नाही, पण भडंग त्याचं.

चित्रात सात खुर्च्या. सहा भरलेल्या.

भरमू म्हणाला, वज्रमूठला पैला काढा.
भरमू, ज्याचे दोन्ही कान तालमीत मोडलेत.
"ह्यो हेर हाय का बुलडोझर?
एक कागद चोरायला धाडला
तर आख्खी बिल्डिंग उचलून आणतोय.
ताकद झाकायची असती लेका.
आमचं वस्ताद शर्टाची वरची गुंडीसुदीक सोडू द्यायचं न्हाईत."

सुनेत्राला नीलमणी नको.
उंच टाचांवर टकटक करत कोण हेरगिरी करतं?
"मी मार्केट यार्डात तराजूमागं अकरा वर्षं उभी आहे.
पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून हळदीचा भाव ठरायचा.
मला नुसत्या रुमालाच्या सुरकुत्यांवरून आकडा कळायचा.
मला घ्या की पथकात."
आम्ही हसलो.
ती हसली नाही.

शकील द्विमुखच्या बाजूचा.
तिसाव्या अंकात त्यानं दगा दिला, मान्य,
नकाशे विकले, मान्य,
"पण परत आला का न्हाई?
परत येणाऱ्याची खुर्ची मोडायची नसती."
आणि ट्यूब पाण्यात फिरवत राहिला,
बुडबुडा कुठून येतोय ते बघत.
त्याचा भाऊ शारजाला आहे. नऊ वर्षं.
ह्यावर समितीत चर्चा होत नाही.

माझं मत मी शेवटी दिलं.
सातवी खुर्ची 'कुणीतरी'ची.
हेच त्याचं नाव. अंगात एकच शक्ती:
ज्यानं बघितलं तो विसरतो.
चौकटीच्या कडेला अर्धं कोपर, हातात चहाचा ग्लास,
एवढाच काढायचे त्याला.
मोहीम फत्ते व्हायची आणि पथक आपसात विचारायचं,
कुलूप उघडलं कुणी?

एक्केचाळीसाव्या अंकात त्याचं काहीतरी झालं.
काय, ते कृष्णेला माहीत.
महापुराचं पाणी दुकानात तिसऱ्या फळीला लागलं तेव्हा
आम्ही अंक दोरीवर वाळत घातले, इस्त्री फिरवली,
भरमूनं तर चाळिसाव्याला हेअर ड्रायर लावला, बहिणीचा.
एक्केचाळीसचा लगदा झाला.
म्हणजे तो मेला, का काढला,
का अजून बसलाय आणि आपणच विसरलो,
सांगता येत नाही.

"मग ती खुर्ची रिकामी कशावरनं?" सुनेत्रा म्हणाली.

बाहेरून मिरजेची बस गेली. पाना खणखणला.

शकीलनं डब्यातून पहिला अंक काढला.
आतल्या पानावर पेन्सिलीनं वर्गणीचा हिशोब,
प्रत्येकी चार रुपये, एकूण वीस, सगळे जमा.
आमची चौघांची नावं.
खाली 'कि. ना.'

किसन? किरण?
भरमूला बुधगावचा एक पोरगा आठवतो, चष्म्याचा.
शकील म्हणतो चष्मा नव्हता.
सुनेत्रा म्हणते पोरगी नसेल कशावरून.
मला फक्त आठवतं
की पहिला अंक पहिल्यांदा वाचला तो मी नव्हे,
कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावून वाचला होता.

पण खांदा कुणाचा?

"वज्रमूठचं काय ते मिटवा," भरमू म्हणाला,
"मला पहाटं दूध घालायचंय."
म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या चिठ्ठ्या केल्या,
फुली म्हणजे बाहेर, गोल म्हणजे आत,
सोल्यूशनच्या रिकाम्या डबीत टाकल्या.
शकीलनं ओले हात पुसून मोजल्या.
तीन फुल्या, दोन गोल.

परत मोजल्या.

"कुणीतरी दोनदा टाकली," भरमू म्हणाला.