साडेबारा अंश

इथं, इतक्या उत्तरेला, उपग्रह डोक्यावर नसतो.
दक्षिणेला, क्षितिजापासून साडेबारा अंशांवर,
जेमतेम समुद्राच्या वर.
म्हणून लोफोटेनमधल्या डिश आभाळाकडे बघत नाहीत,
मान खाली घालून उभ्या असतात
बोलणी खाल्लेल्या पोरांसारख्या.
नवखा माणूस हटकून म्हणतो, ही पडलीय, सरळ करा.
मी म्हणतो, हात लावू नका.
तिला दिसतंय.

सोल्ब्योर्गबाईंचा फोन आला फेब्रुवारीच्या शेवटी.
चित्राचे चौकोन होतात, म्हणाल्या,
बातम्या देणाऱ्याचं तोंड अर्धं इकडे, अर्धं तिकडे,
आणि मग नुसती निळी पाटी.

गेलो. नेहमीचं सगळं केलं.
कनेक्टर उघडला, तांब्यावर हिरवट काही नाही.
एलएनबीच्या टोपीवरचं मीठ ओल्या फडक्यानं पुसलं.
केबल बदलली, बोल्ट पिळून बघितले.
मीटर एकतीस.
चाळिशीच्या खाली चित्र धरत नाही,
आणि जानेवारीत मीच वहीत लिहिलेलं : चौऱ्याहत्तर.

पायरीवर बसून डब्यातला पाव खाल्ला.
मग डिशच्या कानाशी कान नेला
आणि ती बघते तिकडे बघितलं.

मासे.
लाकडी वलांडीवर रांगांमागून रांगा,
मुंडकी उडवलेले कॉड, शेपट्यांना बांधलेल्या जोड्या,
ओले, जड, पाण्यानं तट्ट.
त्यांच्यातून काय येणार बातमी!

"तो मुद्दाम करतो," बाई म्हणाल्या.
तो म्हणजे हाल्वार, धाकटा भाऊ.
अकरा वर्षांपूर्वी वडिलांची बोट विकली, हिला न विचारता.
तेव्हापासून एकाच किनाऱ्यावर,
एकाच दुकानात, वेगवेगळ्या वारी.
"मागच्या साली मासा कमी होता. मधली रांग रिकामी.
तेव्हा कसं सगळं स्वच्छ दिसायचं."

मी म्हटलं, डिश दोन मीटर वर घेऊ, छपराच्या टोकाशी.
पाऊण तासाचं काम.
"नको," म्हणाल्या. "मी हलले, असं होईल."

मग मीच गेलो वलांडीखाली.
हातमोजे न घालता गाठी मारत होता म्हातारा.
मी हात तिरका धरून साडेबारा अंश दाखवले.
त्यानं गाठ पुरी केली.
"काय बघते ती?"
बातम्या. हवामान. रविवारी ते डॅनिश बागकामाचं.
"बागकाम," तो म्हणाला,
आणि भोवतालच्या खडकावरून नजर फिरवली,
जिथं बटाटासुद्धा विचार करून उगवतो.

शिडीवर चढला.
मी बाईंच्या भिंतीशी मीटर घेऊन उभा,
लांबून बोटांनी खुणावत : अजून एक.
अजून एक.
अडतीस. चव्वेचाळीस. एकोणसाठ.
बावीस जोड्या उतरल्या.
रांगेत पडलेल्या दातासारखी फट.
"तिला सांगू नकोस," खाली आल्यावर म्हणाला,
आणि उतरवलेले मासे ढकलगाडीत भरून
खाडीपलीकडच्या वलांडीकडे निघाला, चढणीची वाट.

मी बिल लिहिलं :
कनेक्टर ढिला होता. घट्ट केला.
बाईंनी चष्मा लावून वाचलं.
चष्मा न काढता खिडकीबाहेर बघितलं,
बराच वेळ,
आणि पडदा ओढून घेतला.
पैसे मोजून दिले. वर मुरंब्याच्या बरण्या, दोन.
दोन कशाला, मी विचारलं नाही.
एक वाटेत वलांडीच्या खांबाशी ठेवून आलो.

यंदा जानेवारीतच फोन.
चित्र कसंय, म्हटलं.
"चित्राला काय झालंय? चांगलं आहे.
पण यंदा मासा पुष्कळ आहे म्हणतात.
कनेक्टर ढिला होणार असेल
तर आधीच येऊन जा.
आणि रिकामी बरणी राहिली असेल कुणाकडे,
तर तीही आण."