रकाना

धारूरचा घाट उतरणाऱ्या पहिल्या टेम्पोत
माझी आठ डाली असायची.
व्यापारी फळाकडं बघायचाच नाही, माझ्याकडं बघायचा —
बाईला घाई किती,
ऊन कुठवर आलंय,
डोळे उघडलेलं सीताफळ संध्याकाळ बघतंय की नाही.
मग डाल्यामागं एक आकडा टाकायचा,
तो मी पदराच्या गाठीत बांधून आणायची.
अशी अकरा वर्षं.

नजमाआपांची शेवयांची मशीन किल्ल्याच्या वाटेवर.
दोन ते सहा लाइट जायची,
मशीन थांबली की आमची शाळा भरायची:
मी, शिंप्याची कौसल्या, खानावळवाली द्वारका,
आणि लेकरू झोपलं तर रेहाना.
पोरांच्या जुन्या वह्या, पाठकोरी पानं,
डोक्यावर काठ्यांना वाळणाऱ्या शेवया.

आपा सातवी शिकलेल्या.
नवरा गेला तेव्हा उधारीची वही हातात आली,
ती वाचता वाचता धंदा आला, म्हणायच्या.
"भाव सांगायचा आणि गप बसायचं.
गप बसायला बी शिकावं लागतं, बाई."

दुसऱ्या आठवड्यात मी हिशेब मांडून नेला.
फळं, बर्फ, पिशव्या, टेम्पो, सडलेलं वेगळं.
एकही खाडाखोड नाही.
आपांनी चष्मा वर सरकवला.
"सब लिखा. इसमें तू किधर है?"
मी वहीचा पुठ्ठा दाखवला: हे काय, सोजर.
त्या हसल्या नाहीत.
खराट्याची काडी पानावर उभी ठेवून
तिच्या कडेनं रेघ ओढली,
वर लिहिलं: मजुरी.

मी दहा रुपये लिहिले.
त्यांनी खोडले.
"मोंढ्यातला हमाल काय घेतो? तेवढं तरी लिही."
लिहिलं.
खालची बेरीज उणे झाली.

आठ दिवस मी त्या वाटेनं गेले नाही.
अकरा वर्षं नफा म्हणून जे मोजलं
ते माझंच अंग होतं, सुट्ट्या पैशात —
हे कुणी दुपारच्या चहावर सांगतं का?

फळ कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही.
नवव्या दिवशी गेले.
आपांनी काही विचारलं नाही, पाट सरकवला.

मग अंबाजोगाईला तीन दिवस:
गर कसा काढायचा, बी कशी फुटू द्यायची नाही,
फुटली तर सगळं कडू.
परतताना, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला
फ्रीझर, हप्त्यानं, आपांच्या शब्दावर.
पहिला चौदा किलो गर
रातभर लाइट नव्हती म्हणून तांबडा पडला.
मी रडत सांगायला गेले.
"रो ले. फिर लिख.
नुकसान का रकाना किसलिए है?"

लातूरच्या मिठाईवाल्याचा फोन आला तेव्हा
मी भाव सांगितला
आणि गप बसले.
तिकडं शांत. इकडं शांत.
फ्रीझरची घरघर तेवढी.
मधेच म्हणावंसं वाटलं,
बरं, पाच रुपये कमी द्या —
जीभ दाताखाली धरली.
"पाठवा," तो म्हणाला, "वीस किलो."

त्या रात्री वही उघडून बसले.
समोर सासूबाई, मांडीत परात,
बोटांनी बी सोडवतायत,
हंगामभर रोज, कोंबडं आरवायच्या आधीपासून.
मी मोठ्यानं वाचत होते:
फळं, वीज, टेम्पो, मजुरी सोजर —
त्यांचे हात थांबले.
त्यांना अक्षर येत नाही,
तरी वहीकडं वाकून बघितलं.

"आन् मी कुठंय गं त्यात?"

मी खराटा शोधायला उठले.