मढी पांघरणारा

गोठ्याच्या कुडाजवळ
धुळीचं ढेकूळ चाललं.
बेबीनंदानं फडा थांबवला.

ढेकळाला सहा पाय.
पाठीवर मुंगळ्यांची टरफलं, एकावर एक,
रस पिऊन झाल्यावर चिकटवलेली;
एकाची मिशी अजून वाऱ्यानं हलते.
सोंड गळ्याखाली मुडपलेली,
खिशातल्या घडीच्या सुरीसारखी.

मुंगळ्यांची रांग बाजूनं गेली.
कोणी थांबलं नाही.
मग पालीनं झडप घातली:
तोंडात नुसती टरफलं,
किडा उघडावाघडा, फटीत पसार.

"हुशार हाय लेकाचा," ती म्हणाली,
खुंटीवरचा सासऱ्याचा सदरा झटकून
साडीवर चढवला
(दहा वर्षं दोघं बोलली नव्हती,
पोळ्याच्या आदल्या रात्री गेला)
अन् पऱ्हाटीत शिरली.

बाह्या लांब आहेत.
बोंडांची टोकं हाताला लागत नाहीत.