शेऱ्याचा रकाना

साडेआठला शटर वर करते
तेव्हा पथारीवरचा वारा आधीच आत बसलेला असतो,
कपाटांपाशी, फुकट्या सभासदासारखा.
नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत वाचनालयाला असाच वास.
पहिली शिंक माझी, दुसरी दगाजीबापूंची.
ते पायरीवर थांबलेलेच असतात, भिंग घेऊन,
कालपासून आजपर्यंत कोण गेलं ते पेपरात बघायला.
ओळखीचं कुणी नसलं की जरा हिरमुसतात.

वाचन म्हणाल तर माझं असं:
शेवटचं परत आलेलं पुस्तक, आणि त्यात
माणूस जिथं थांबला ते पान.
तिथून पुढं वीस पानं.
पहिल्या पानापासून वाचायला मला कुणी पगार देत नाही.
तसा देतच नाहीत म्हणा.
अनुदानाचा दुसरा हप्ता मार्चात येतो
आणि मार्च कधी येतो ते जिल्ह्याला विचारावं लागतं.

थांबल्याची खूण असते.
एसटीचं तिकीट, शहादा ते नंदुरबार, अर्धं.
सोनाराची पावती. मेथीची काडी.
एकदा डोळ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी,
ऑपरेशनची तारीख उलटून गेलेली.
पन्नासावं पान बहुतेकांना जड जातं.
मी तिथून निघते,
नायिकेचं लग्न कुणाशी झालं हे ठाऊक नसताना
तिच्या घटस्फोटात शिरते.

दुपारी पोलीस भरतीची पोरं.
एका पुस्तकावर तिघं, उत्तरं शेवटच्या पानांवर,
ती पानं केव्हाच कुणी फाडून नेलेली.
"मॅडम, पंखा वाढवा ना."
तेवढंच बोलणं.
पास झालेला पेढे आणतो,
नापास झालेला पुस्तकसुद्धा आणत नाही.

मोगरा सोनवणे, सभासद क्रमांक चारशे सतरा.
अनामत पन्नास रुपये, दहादहाच्या नोटांत, पाच हप्त्यांत.
पथारीवर मिरचीचे देठ खुडते.
पहिल्या दिवशी काउंटरवर हात ठेवला नाही,
पाठीमागं धरून म्हणाली,
"ताई, मना हात लागनात ते पुस्तक तिखट व्हई जाई."
मी म्हटलं, होऊ दे.

दाखल क्रमांक एकतीसशे चौऱ्याऐंशी.
नाव सांगत नाही, उद्या कुणी मागितलं तर द्यावं लागेल.
रोज चार पानं, कोपरानं उलटते म्हणाली,
जेवणाच्या सुट्टीत, मुकादम चहाला गेला की.
शेजारच्या बाया विचारतात, पुढं?
ही वाचून सांगते.
मुकादम जागचा हलत नाही त्या दिवशी
पुढचं हीच करून सांगते.

परवा पुस्तक पदरात धरून आली.
"पुस्तकमाधला शेवट खोटा शे, ताई.
बायासले मना आवडना."
पिशवी भरलेली होती, पथारी उठली होती,
बाहेर धडगावची जीप हॉर्न वाजवत होती.

एकशे बाराव्या पानात मिरचीचा देठ.
तिथून वाचायला बसले.
बारा-तेरा पानं झाली असतील, डोळा चोळला,
आणि मग दोन्ही डोळ्यांतून असं पाणी
की दगाजीबापू मेलेल्यांवरून भिंग उचलून म्हणाले,
"काय व्हयनं वं बेटा?"
म्हटलं, गोष्टच तशी आहे.
खरं तर त्या पानावर दोघं भाऊ
म्हशीच्या किमतीवरून घासाघीस करत होते.

तिचा शेवट विचारायचा राहिला.

परतीची नोंद केली. तारीख, सही.
शेऱ्याच्या रकान्यात बावीस वर्षं मी लिहीत आले,
सुस्थितीत. शिवण सैल. कसर लागली.
या ओळीला पेन टेकवून नुसतीच बसले.
गुरुवारी तपासणीला साहेब येणार आहेत.
रिकामा रकाना दिसला की ते पुस्तक मागवतात,
एकेक पान बघतात,
आणि साहेबांना जिभेला बोट लावून
पान उलटायची सवय आहे.