झोळीतलं बटण

लांब काठीला बांधलेली काळ्या मखमलीची झोळी
आमच्या देवळात रांगेरांगेतून फिरते.
तिच्या पोटात कुणी काय टाकलं, दिसत नाही;
फक्त ऐकू येतं.

मी मासळीच्या वखारीचा मालक. माझी जागा पहिल्या रांगेत,
छताला टांगलेल्या लाकडी गलबताच्या बरोबर खाली.
त्या रविवारी खिशात नाणं नव्हतं, एवढंच.
झोळी दोन माणसांवर येऊन ठेपली
आणि कोटाच्या बाहीचं पितळी बटण लोंबत होतंच.
ओढलं. टाकलं.
खण्णकन वाजलं.
शेजारच्या बाईंनी आदराने मान तुकवली.

पुढच्या रविवारी खिशात नाणी होती.
तरीही.

बटणं लावून द्यायची सुन्नेवा,
बंदराशी जाळी सांधते ती.
रेगिन बुडाला त्या हिवाळ्यापासून
देवळाची पायरी चढलेली नाही.
"पडतात बटणं," म्हणायची, सुई तोंडात धरून,
"फेरोचा वारा आहे, माणसंसुद्धा उडतात."
एका बटणाचे काय पैसे घ्यायचे, म्हणून घ्यायची नाही.
मीही फारसा आग्रह केला नाही.

मग पाळकांनी उपदेश केला.
विधवेच्या दोन टोल्या, आणि मग हे:
आपल्यात कुणीतरी इतका गरीब आहे
की अंगावरचं बटण तोडून देवाला देतो.
सगळ्या माना वळल्या शेवटच्या रांगेकडे,
ठिगळांच्या स्वेटरातल्या म्हाताऱ्या दान्यालकडे.
त्याच्या दाराशी इंधनाला पीट आलं, वाळवलेलं मटण आलं.
"अहो, मी नव्हे तो," तो शपथेवर सांगू लागला;
तशी लोकांना त्याची नम्रता अधिकच भावली.
मीही पाठवलं अर्धं पिंप खारवलेला कॉड
आणि त्या रात्री शांत झोपलो.

सातव्यांदा गेलो तेव्हा
सुन्नेवाने पत्र्याचा डबा उपडा करून दाखवला.
"संपली. रेगिनच्या लग्नाच्या कोटाची होती.
कोट घरी राहिला होता ना, म्हणून उरली."

मला एकदम माझी बाही थंड लागली.

"तुला माहीत होतं?"
"देवळाच्या खिडकीखाली जाळी वाळत घालते मी.
पितळ बोदं वाजतं, रे.
देवाशी माझा अबोला आहे.
पण अबोला धरला तरी घरातल्या माणसाचं ताट
वाढावंच लागतं.
म्हटलं, तुझ्या हातून जातंय तर जाऊ दे."

मी काहीतरी पुटपुटलो, तू फार चांगली आहेस, असलं काही.
तिने दाताने दोरा तोडला.
"चांगली कशाला म्हणतोस? शुभवर्तमान वाचतोस ना?
त्यालासुद्धा ते आवडलं नव्हतं."

पाळकांच्या टेबलावर काचेच्या बरणीत सात बटणं आहेत.
एक साधं, सहांवर नांगर.
वखारीत जाताना रोज खिडकीतून दिसतात.
तिची सहा तिला परत द्यायची तर
आधी मागावी लागतील,
आणि मागायची तर नाव सांगावं लागेल.
अजून सांगितलेलं नाही. सांगेन.
हे "सांगेन" मी प्रार्थनेतही म्हणतो,
आणि म्हणून झालं की सांगितल्यासारखंच वाटतं.

काल झोळी आली.
मूठभर नाणी रुमालात गुंडाळून
मी तळाशी अलगद ठेवली,
वाजू नयेत म्हणून.
वाजली नाहीत. कुणी मान तुकवली नाही.
आणि त्या न वाजण्याने मला
इतकं, इतकं बरं वाटलं,

की झोळी पुढे सरकली तेव्हा
हात पुन्हा बाहीकडे गेला,
ते बरं वाटणंही तोडून टाकता आलं तर पाहावं म्हणून.
तिथे नुसता दोरा होता.