नमुना सतरा

पंप थांबला की मला जाग येते.
चालू असताना मी गाढ झोपतो,
खुर्चीत, पाय तेलाच्या डब्यावर टाकून.
बावीस वर्षं झाली या तळघरात.
वर ग्दान्स्कमध्ये बर्फ साचतो, वितळतो,
खाली आमचं यंत्र सेकंदाला दहा वेळा
पोलाद ओढतं आणि सोडतं,
ओढतं आणि सोडतं.

याग्ना आली तेव्हा तिच्याकडे कोरी वही होती
आणि चोवीस पट्ट्या,
प्रत्येकीच्या मधोमध वेल्डिंगची शिवण.
"किती दिवस लागतील?"
म्हटलं, पट्टी न तुटता वीस लाख फेऱ्या गेली
तर दोन दिवस, साडेसात तास.
तुझं मात्र सांगता येत नाही.

पीएच.डी.ची पोरं मी खूप पाहिलीत.
दुसऱ्या वर्षी जेवायचं विसरतात,
चौथ्या वर्षी माझ्याशी बोलायला लागतात.
ही तिसऱ्याच वर्षी बोलायला लागली.
थकवा, ती म्हणाली, एका झटक्यात येत नाही.
भार पेलण्याइतकाच असतो, रोजचाच.
शिवणीच्या काठाशी एक ओरखडा असतो, कुणाला न दिसणारा,
आणि दर फेरीला तो पुढे सरकतो
केसाच्याही हिशेबात न येणारं अंतर.
ती पोलादाबद्दल बोलत होती.
मी तिच्या हातातल्या पाचव्या कॉफीकडे बघत होतो.

पट्ट्या तुटत गेल्या. कुणी आठ लाखांवर, कुणी सहा,
एक तर नाताळच्या आदल्या रात्री,
आम्ही दोघं डब्यातूनच हेरिंग खात होतो तेव्हा.
प्रत्येक तुटीचा आलेखावर एक ठिपका.

सतरावी तुटली नाही.
वीस लाख. तीस लाख.
न तुटलेल्या पट्टीच्या ठिपक्याला
उजवीकडे जाणारा छोटा बाण काढतात,
म्हणजे, ही अजून गेली असती, आम्हीच थांबलो.
प्राध्यापक व्येझ्बित्स्कींनी बाण पाहिला,
चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
असं खुशीत हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

याग्ना हसली नाही.
चौथ्या रात्री म्हणाली,
सतरावी कारखान्यातून वाकडी आली होती. मुदत तोंडावर.
मग बाबांनी जोडून दिली.
बाबा म्हणजे एकतीस वर्षं गोदीत जहाजं जोडलेला,
मग गोदीनेच घरी बसवलेला माणूस.
गॅरेजमध्ये, जुनाट यंत्रावर, रेडिओ लावून.
किती अँपिअर? ठाऊक नाही.
वेग? "हाताला येईल तसा."
आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी म्हटलं, कुणाला कळणार आहे?
"मला."
दुसऱ्या दिवशी तिने बाण खोडला.
प्राध्यापक महिनाभर तिच्याशी ईमेलनेच बोलले,
खोली शेजारची असून.

तेवीस ठिपक्यांचा प्रबंध.
तोंडी परीक्षेला बाप आला,
लग्नातला कोट पोटावर ताणून बसवलेला,
मागच्या रांगेत, माझ्या शेजारी, टोपी गुडघ्यावर.
सूत्रं आली, गेली. त्याने जांभई दाबली.
मग पडद्यावर चारशे पट मोठी होऊन
एका तुटक्या शिवणीची कड आली,
तसा तो माझ्या कानाशी वाकला:
"ज्याने केलं ना, त्याला घरी जायची घाई होती."

सहावं प्रकरण. एक्केचाळीस पानं.
तेच म्हणतं.

याग्ना आता श्चेचिनला पूल तपासते.
सतरावी माझ्याकडेच आहे.
तळघराचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावून ठेवलीय.
नवा पोरगा आलाय, वही तशीच कोरी.
परवा तिला ठेचकाळला,
पायाचा अंगठा धरून विचारतो, हे काय ठेवलंय इथे?
सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात पंप थांबला,
आणि मी बघायला गेलो
काय तुटलं ते.